एकोणतीस वर्षें परका, सात वर्षांनीं प्रतिनिधि

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे बहुतेक उमेदवार आपणांस शेतकऱ्याचा मुलगा म्हणवितात. निवडून आल्यावर त्यांपैकीं किती जणांस शेताचा बांध ओळखतां येतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून ज्यानें स्वतः पीक काढलें, कर्ज अंगावर घेतलें व तें फेडून मग विधिमंडळांत पाऊल टाकलें, अशा एका गृहस्थाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. हे गृहस्थ म्हणजे डॉ. दलीपसिंग सौंद. नोव्हेंबर १९५६ मध्यें कॅलिफोर्नियाच्या २९ व्या मतदारसंघांतून ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत निवडून आले. मताचा हक्क असलेला आशियाई वंशाचा सभासद त्या देशाच्या विधिमंडळांत बसण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

सौंदांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजीं अमृतसर जिल्ह्यांतील छज्जलवड्डी ह्या खेड्यांत झाला. आईवडिलांस लिहितां वाचतां येत नव्हतें. तरी मुलाच्या शिक्षणांत त्यांनीं कसूर केली नाहीं. १९१९ सालीं पंजाब विद्यापीठाची गणिताची पदवी घेऊन पुढील वर्षीं ते अमेरिकेस गेले. फळें टिकविण्याची विद्या शिकावी व परत येऊन आंबे डबाबंद करण्याचा कारखाना काढावा, असा त्यांचा बेत होता. बर्कले येथील विद्यापीठांत तो विषय शिकत असतांनाच त्यांनीं गणिताचाहि अभ्यास चालविला आणि १९२४ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. राहण्याची सोय स्टॉक्टन येथील गुरुद्वाराच्या वसतिगृहांत होती, व सुटींत ते फळांच्या कारखान्यांत मजुरी करीत.

एवढी विद्या संपादन करूनहि पुढें दार बंदच होतें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्यास त्या देशाचा नागरिक होतां येत नाहीं असा निकाल दिला होता. तेव्हां १९२५ सालीं हे गणितपंडित मेक्सिकोच्या सरहद्दीलगत असलेल्या इंपीरियल खोऱ्यांत गेले व कापूस वेंचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. हें खोरें समुद्रसपाटीच्याहि खालीं. पाऊस नांवापुरता, कोलोरॅडो नदीचें पाणी कालव्यानें आलें तरच तेथें हिरवें दिसावयाचें. पैसा गांठीं बांधून सौंदांनीं तेथें लेट्यूस नांवाच्या पालेभाजीची शेती सुरू केली.

पण जमीन कोणाच्या नांवें घ्यावयाची? कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानें, नागरिक होण्यास अपात्र अशा परक्यांस शेतजमिनीची मालकी मिळत नसे व पट्टाहि तीन वर्षांपलीकडे घेतां येत नसे. १९२० सालीं पट्टाहि बंद झाला. त्यामुळें तेथील पुष्कळ हिंदी शेतकरी कोणा गोऱ्या परिचिताच्या किंवा तेथेंच जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नांवें कागद करीत. घाम एकाचा, नांव दुसऱ्याचें. प्रस्तुत लेखकानें उभा जन्म तालुक्याच्या कचेरींत कारकुनी केली आहे. उताऱ्यावर एकाचें नांव व प्रत्यक्ष नांगर दुसऱ्याचा, अशीं प्रकरणें त्यानें पुष्कळ पाहिलीं आहेत. दप्तरांत नांव नसलेला मनुष्य विहीर खणावयास धजत नाहीं, झाड लावावयास धजत नाहीं. पेढीवर त्यास कोणी उभा करीत नाहीं, आणि नांववाल्याची नियत फिरली कीं शेत गेलें. हा जाच केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे, हें सौंदांच्या चरित्रावरून कळतें.

पुढें मंदीचीं वर्षें आलीं. मालाचे भाव कोसळले व सौंद कर्जांत बुडाले. दिवाळें काढून मोकळें होण्याचा मार्ग कायद्यानें खुला होता. परंतु त्यांनीं तो न पतकरतां कर्ज हळूहळू फेडलें. १९३० सालींच, कॅथरिन मेयो या बाईच्या हिंदनिंदेस उत्तर म्हणून त्यांनीं ‘माय मदर इंडिया’ हें पुस्तक लिहिलें होतें. म्हणजे शेत सांभाळीत असतांनाच त्यांचें सार्वजनिक काम चालू होतें. १९४२ सालीं तेथील हिंदी लोकांची एक संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. अनेकांच्या खटपटीस यश येऊन जुलै १९४६ मध्यें लूस-सेलर कायदा मंजूर झाला. हिंदी मनुष्यास नागरिकत्वाचा हक्क मिळाला व वर्षास १०० जणांस तेथें वसण्याची परवानगी मिळाली. १६ डिसेंबर १९४९ रोजीं सौंद नागरिक झाले. देशांत पाऊल टाकल्यास तेव्हां २९ वर्षें लोटलीं होतीं.

लगेच १९५० सालीं वेस्टमोरलंड गांवच्या लोकांनीं त्यांस न्यायाधीश निवडलें. पण नागरिकत्वास वर्ष पुरें झालें नाहीं म्हणून त्यांस ती जागा नाकारण्यांत आली. १९५२ सालीं ते पुन्हां उभे राहिले. न्यायाधीश झालांत तर आम्हां सर्वांस पागोटीं बांधावयास लावाल काय, असें कोणीसें विचारलें. त्यावर, डोक्यावर काय आहे हें मी पाहत नाहीं, डोक्यांत काय आहे तें पाहतों, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. त्या वेळीं ते अवघ्या १३ मतांनीं निवडून आले.

प्रतिनिधिगृहाच्या सभासदास सात वर्षांचें नागरिकत्व असावें, असें अमेरिकेची राज्यघटना सांगते. १९५६ सालीं त्यांच्याच पक्षांतील प्रतिस्पर्ध्यानें ह्या मुद्यावर न्यायालयांत धांव घेतली. परंतु त्यास दाद मिळाली नाहीं. जानेवारी १९५७ मध्यें सौंद आसनावर बसले तेव्हां सात वर्षें पुरीं होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. अखेरच्या लढतींत त्यांच्याविरुद्ध जॅकलिन कॉक्रन ही जगप्रसिद्ध वैमानिक स्त्री उभी होती. सौंदांच्या कुटुंबीयांनीं घरोघर हिंडून मतें मागितलीं आणि थोड्या फरकानें जय मिळविला.

आतां त्यांच्या संसदीय कार्याकडे वळूं. नवख्या सभासदास सहसा न मिळणारी परराष्ट्रव्यवहार समितीची जागा त्यांस मिळाली. कृष्णवर्णी लोकांच्या मतहक्कासंबंधींच्या १९५७ च्या कायद्यास त्यांनीं पाठिंबा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं आशियाचा दौरा केला व आपल्या जन्मगांवासहि भेट दिली. परदेशास साहाय्य द्यावयाचें तर तें शस्त्रांच्या रूपानें सत्ताधीशांस न देतां लोकांच्या उपजीविकेस द्यावें, असा त्यांचा आग्रह असे. १९६१ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं ह्या साहाय्याकरितां पांच वर्षें खजिन्यांतून थेट कर्ज उचलण्याची मुभा मागितली. सौंद हे केनेडींच्याच पक्षाचे व साहाय्याचे पुरस्कर्ते. तरी दरसाल हिशेब पाहून मंजुरी देण्याचा विधिमंडळाचा हक्क सोडूं नये म्हणून त्यांनीं उपसूचना मांडली व गृहानें ती ऑगस्टमध्यें मान्य केली. ज्यानें जमाखर्चाच्या वह्या सांभाळल्या आहेत, त्यास ह्या एका गोष्टीची किंमत अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

सर्वच गोष्टींत त्यांची बाजू निर्दोष होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मेक्सिकोंतून मुदतीचे शेतमजूर आणण्याची योजना त्यांनीं बागाइतदारांच्या बाजूनें उचलून धरली. त्या योजनेंत मजुरांची पिळवणूक होते, अशी तक्रार होती, आणि १९६४ सालीं ती योजना बंद पडली. जो स्वतः एके काळीं मजुरांच्या टोळींत होता, त्यानें त्यांची बाजू अधिक मांडावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें.

१९५८ व १९६० सालीं मतदारांनीं त्यांस पुन्हां निवडलें. मे १९६२ मध्यें विमानप्रवासांत पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली. त्या वर्षींच्या निवडणुकींत ते पराभूत झाले व २२ एप्रिल १९७३ रोजीं निवर्तले. त्यांच्यानंतर हिंदी वंशाचा दुसरा सभासद त्या गृहांत निवडला जाण्यास २००४ साल उजाडावें लागलें. २०२२ सालीं तर बेळगांव जिल्ह्यांतील चिकोडीस जन्मलेले मराठी भाषी श्री ठाणेदार हे मिशिगनमधून निवडून गेले.

वाचकहो, उमेदवार दारीं आला म्हणजे त्याचा बाप शेतकरी होता काय, हें विचारूं नका. त्यानें स्वतःचें कर्ज कसें फेडलें, समितींत बसून काय केलें आणि आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यापुढें जमाखर्चाचा प्रश्न कधीं काढला काय, हें विचारा. आणि आपल्या शेतांत दुसऱ्याचा नांगर चालत असेल, तर त्याचें नांव दप्तरांत आहे कीं नाहीं, हें घरीं जाऊन एकदां पाहा.