वार्षिकांक ऑनलाइन नेताना

महाविद्यालयाचा वार्षिकांक हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथे पुष्कळदा ‘फॉर्म ४’ छापलेला असतो: प्रकाशन काळ वार्षिक, प्रकाशक प्राचार्य, राष्ट्रीयत्व भारतीय. वर्तमानपत्रांसाठी केलेल्या नियमांतला हा नमुना खामगाव, मेहकर, देऊळगाव राजाकडच्या मुलांच्या पहिल्यावहिल्या कविता आणि लेखही तेवढ्याच गांभीर्याने नोंदवतो. विद्यार्थ्यांनी लिहून छापण्याची आपली परंपराही जुनी आहे. मुंबईत १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’च्या मराठी शाखेने १८५० मध्ये ‘ज्ञानप्रसारक’ मासिक सुरू केलं होतं.

छापील वार्षिकांकाची अडचण वेळेची आहे. साहित्य मागवायचं, निवडायचं, डीटीपी, प्रुफं, छपाई, आणि अंक येईपर्यंत अंतिम वर्षाची मुलं दाखले घेऊन गेलेली असतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मीठ सहन करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. पुढे नोव्हेंबरमध्ये सरोवराला पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाल्याचंही जाहीर झालं. अशा वेळी लोणारच्या मुलाने लिहिलेलं त्याच आठवड्यात लोकांनी वाचायला हवं. ऑनलाइन अंक हवा तो यासाठी.

पण ऑनलाइन म्हणजे बहुतेक ठिकाणी छापखान्याकडून आलेली पीडीएफ संकेतस्थळावर चढवणं. मोबाइलवर तिचे दोन रकाने बोटांनी मोठे करत वाचावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे त्यातलं मराठी शोधयंत्राला मराठी म्हणून कळतच नाही. विदर्भातल्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालत आले. त्यांत अक्षर देवनागरी दिसतं, संगणक मात्र साठवतो इंग्रजी कळा. ‘लोणार’ टाइप केलं की आत राहतं ते वाय, के, एस, पूर्णविराम, दोनदा के आणि जे. सरोवरावरचा उत्तम लेख असा कुलूपबंद पडून राहतो.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टरही सहज मिळतात, तरी ते काम डोळे मिटून सोपवण्यासारखं नाही. ‘विदर्भ’ हा एकच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी ‘व’च्या आधी टाइप होते आणि रफार ‘भ’च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट: आधी ‘व’ मग वेलांटी, आधी पाय मोडलेला ‘र’ मग ‘भ’. कन्व्हर्टरला ही अदलाबदल प्रत्येक शब्दात अचूक जमली पाहिजे. जोडाक्षरावर वेलांटी आली की तो अडखळतो. ‘वऱ्हाड’चं तर हमखास ‘वर्हाड’ होतं, कारण हा अर्धा र वेगळा साठवावा लागतो. आपल्या भागाचं आणि बोलीचं नावच चुकीचं छापून येणं मला तरी सहन होत नाही.

म्हणून रूपांतरानंतर जुन्या पद्धतीचं प्रूफवाचन हवंच. एकाने छापील अंकातून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासावं. मराठी विभागाच्या मुलांसाठी याहून चांगला शुद्धलेखनाचा तास मला माहीत नाही. नवं लेखन तर थेट युनिकोडमध्येच घ्यावं. मुलं व्हॉट्सॲपवर रोज त्यातच लिहितात, त्यांना वेगळं काही शिकवावं लागत नाही. प्रत्येक लेखाचं स्वतंत्र पान असावं, त्यावर लेखकाचं नाव, वर्ग आणि तारीख असावी.

छपाई पूर्ण बंद करावी, असं मात्र मी म्हणणार नाही. संकेतस्थळ नव्याने बनवलं की जुने दुवे तुटतात, आणि त्यासोबत दहा वर्षांचे अंक नाहीसे होऊ शकतात. ग्रंथालयाच्या कपाटातला बांधीव गठ्ठा तेवढा सहजी जात नाही. मोजक्या प्रती छापून एक महाविद्यालयात आणि एक अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी.

सगळ्यात घाई आहे ती जुन्या अंकांच्या मूळ फाइलींची. महाविद्यालयाकडे त्या बहुधा नसतात; असतात त्या गावातल्या डीटीपी केंद्रातल्या एखाद्या जुन्या संगणकात. तो भंगारात गेला तर छापील पानं स्कॅन करून प्रत्येक ओळ नव्याने तपासावी लागेल. संपादक मंडळाने यंदाच्या पहिल्याच बैठकीनंतर पेनड्राइव्ह घेऊन तिथे जावं, फाइलींबरोबर वापरलेल्या फॉन्टचीही प्रत आणावी आणि कोणता अंक कोणत्या फॉन्टमध्ये आहे, ते तिथेच लिहून घ्यावं.