एकवीस टक्क्यांचे मोल

वेल्समधील स्वान्सी सिटी हा फुटबॉल क्लब एके काळी चाहत्यांच्या भागीदारीचा नमुना म्हणून ब्रिटनभर वाखाणला जात असे, आणि 2016 मध्ये झालेल्या त्याच्या विक्रीने त्या नमुन्यातली उणीवही तितक्याच ठळकपणे उघडी पाडली. क्लबचे 21.1 टक्के शेअर चाहत्यांच्या ट्रस्टकडे होते, संचालक मंडळावर ट्रस्टचा प्रतिनिधी बसत होता, आणि तरीही विक्रीच्या वाटाघाटींत आपल्याला घेतलेच नाही, अशी तक्रार करण्याची वेळ ट्रस्टवर आली. क्लबचा पाचवा हिस्सा हाती असूनही असे का व्हावे, याचे उत्तर कंपनी कायद्याच्या गणितात आहे.

ब्रिटनमध्ये अशा ट्रस्टची नोंदणी सामान्यतः सहकारी संस्थेच्या धर्तीवर होते. वर्षाची वर्गणी भरणारा प्रत्येक जण सभासद होतो आणि कोणी कितीही पैसे दिले तरी मत एकच, हे तत्त्व सहकारी साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्रातील वाचकाला नवे नाही. क्लब स्वतः मात्र कंपनी असतो आणि तिथे मते माणशी नव्हे, तर शेअरमागे मोजली जातात. एएफसी विम्बल्डन किंवा एक्सेटर सिटी येथे बहुमताचे शेअरच ट्रस्टकडे असल्याने या दोन व्यवस्थांचा झगडा सहसा उभा राहत नाही. स्वान्सीत ट्रस्ट अल्पमतात होता. म्हणजे आपल्या घरात लोकशाही आणि शेजारच्या मोठ्या घरात भाडेकरूपेक्षा थोडी बरी जागा, अशी त्याची स्थिती होती.

प्रारंभी ही बाब कोणाला खटकली नाही, कारण क्लब वाचवणे हेच तेव्हाचे काम होते. 2001-02 च्या हंगामात स्वान्सी आर्थिकदृष्ट्या बुडण्याच्या बेतात असताना स्थानिक व्यावसायिकांच्या गटाने तो ताब्यात घेतला आणि सभासदांच्या वर्गणी-देणग्यांतून उभ्या राहिलेल्या ट्रस्टने त्यात आपला वाटा उचलला. मे 2003 मध्ये हंगामाच्या अखेरच्या सामन्यात हल सिटीला 4-2 असे हरवून संघाने व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकले जाण्याची नामुष्की टाळली. तिथून आठ वर्षांत तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तेथे खेळणारा वेल्सचा पहिला क्लब ठरला आणि 2013 मध्ये त्याने लीग कपही जिंकला. ज्या शेअरना कोणी विचारत नव्हते त्यांची किंमत आता कोट्यवधी पौंडांत गेली. भागीदारांमधला स्नेह आणि विश्वास यांवर चाललेल्या व्यवहाराची कसोटी पडझडीच्या काळात लागत नाही. ती भरभराटीत लागते.

जुलै 2016 मध्ये स्टीव्ह कॅप्लन आणि जेसन लेव्हियन यांच्या अमेरिकी गटाने इतर भागधारकांकडून सुमारे 68 टक्के हिस्सा विकत घेतला. इथे टक्केवारीचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. ब्रिटिश कायद्यानुसार कंपनीचे रोजचे बहुतेक निर्णय साध्या बहुमताने होतात, पण कंपनीची नियमावली बदलण्यासारख्या मूलभूत गोष्टींना ‘विशेष ठराव’ लागतो आणि त्यासाठी किमान 75 टक्के मते आवश्यक असतात. साहजिकच ज्याच्याकडे 25 टक्क्यांहून अधिक मते आहेत तो एकटा असा ठराव अडवू शकतो. ट्रस्ट या रेषेपासून चार टक्क्यांहूनही कमी अंतरावर होता, परंतु कायद्यासमोर 21 टक्के आणि 11 टक्के यांत या बाबतीत काहीच फरक उरत नाही. हा नकाराधिकार स्वस्ताईच्या काळात पदरात पाडून घेता आला असता, असे म्हणणे मागाहून सोपे आहे. त्या काळी ट्रस्टला वर्गणीच्या पैशांतून एकेक टक्का जमवावा लागत होता.

टक्केवारी अपुरी पडते तिथे लेखी करार कामी येतो. अल्पमतातील भागधारकासाठी सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे बहुमतवाले आपले शेअर विकतील तेव्हा त्याच भावाने, त्याच खरेदीदाराला आपलेही शेअर विकण्याचा हक्क. असा हक्क निर्विवाद नसेल तर अल्पमताचा गठ्ठा विकाऊ राहत नाही, कारण सत्ता आधीच हाती आल्यावर उरलेल्या शेअरसाठी चांगली किंमत मोजायला कोणी बांधील नसतो. भागधारकांमधील जुन्या कराराचा भंग झाला, असे ट्रस्टचे म्हणणे होते. विकणाऱ्यांना ते मान्य नव्हते. विक्रीच्या भावाने ट्रस्टच्या हिश्शाचे मोल दोन कोटी पौंडांच्या वर जात होते, हे लक्षात घेतले की वादाचे गांभीर्य कळते. 2017 मध्ये काही शेअर विकून तडजोड करावी असा कौल सभासदांनी दिला, पण तो सौदा तडीस गेला नाही. 2018 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि शेअरचे मोलही घसरले.

उरला कोर्टाचा मार्ग. 2006 च्या ब्रिटिश कंपनी कायद्याचे कलम 994 अल्पमतातील भागधारकाला ‘अन्याय्य बाधा’ पोहोचल्याचा दावा करण्याची मुभा देते आणि दावा सिद्ध झाल्यास न्यायालय त्याचे शेअर योग्य भावाने विकत घेण्याचा आदेश देऊ शकते. भारतीय कायद्यातही याच्या जवळची तरतूद आहे. टाटा सन्समध्ये 18.37 टक्के शेअर असलेल्या शापूरजी पालनजी समूहाने तिचाच आधार घेतला होता आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याला अपयश आले. स्वान्सीचा वाद मात्र निकालापर्यंत गेला नाही. तो 2022 मध्ये तडजोडीने मिटला.

हिस्सा पाचव्या भागाऐवजी अगदीच किरकोळ असेल तर शेअर राखण्याचा हक्कही राहत नाही, हे लंडनच्या आर्सेनलमध्ये दिसले. या क्लबचे जेमतेम 62,217 शेअर होते आणि एकेक शेअर सामान्य चाहत्याच्या आवाक्याबाहेर गेल्याने चाहत्यांच्या ट्रस्टने 2010 मध्ये एका शेअरचे शंभर भाग पाडून ते सभासदांना देण्याची योजना काढली. त्या कागदाने सत्ता मिळणार नव्हती. मिळत होता तो हिशेब पाहण्याचा आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क. तो शोभेचा नव्हता. बहुमताचे मालक स्टॅन क्रोएंके यांच्या कंपनीने सल्लासेवेपोटी क्लबकडून लागोपाठ दोन वर्षे 30-30 लाख पौंड घेतले, तेव्हा त्याचा जाब अशाच भागधारकांनी विचारला. ऑगस्ट 2018 मध्ये 67.09 टक्के शेअर असलेल्या क्रोएंके यांनी अलिशेर उस्मानोव्ह यांचे 30.04 टक्के शेअर सुमारे 55 कोटी पौंडांना घेण्याचे ठरवले. खरेदीचा प्रस्ताव ज्या शेअरसाठी आहे त्यांपैकी 90 टक्के हाती आले की उरलेले सक्तीने घेता येतात, असा कायदा आहे. प्रस्ताव 32.91 टक्क्यांसाठी होता आणि एकट्या उस्मानोव्ह यांचे शेअर त्याच्या 91 टक्के भरत होते. म्हणजे इतर एकाही भागधारकाने होकार दिला नाही तरी सर्वांचे शेअर जाणारच होते. प्रत्येकी 29,419 पौंड 64 पेन्स हा भाव कोणत्याही अर्थाने कमी नव्हता, आणि विकायचे नसलेल्यांच्या तक्रारीचा विषयही तो नव्हता.

जर्मनीत 1998 पासूनचा ‘50+1’ नियम मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संघटनेकडेच ठेवतो, त्यामुळे काही अपवाद सोडता हा प्रश्न तिथे या रूपात उद्भवत नाही. इंग्लंडमध्ये 2021 साली ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेने वेगळा उपाय सुचवला: प्रत्येक क्लबमध्ये चाहत्यांच्या संघटनेकडे एक ‘गोल्डन शेअर’ असावा, ज्याला नफ्यात वाटा नसेल, पण मैदानाची विक्री, बोधचिन्ह किंवा जर्सीचे रंग अशा मोजक्या बाबींत नकाराधिकार असेल. टक्केवारीच्या शर्यतीत चाहता कधीच जिंकणार नाही हे मान्य करून केलेली ही सूचना म्हणूनच अधिक व्यवहारी वाटते. 2025 च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला, नव्या मालकांची पात्रता तपासण्याचे काम त्याच्याकडे सोपवले आणि महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत करणे क्लबना भाग पाडले. क्लब कोणाला विकावा याचा निर्णय मात्र आजही बहुमताचे शेअर असलेलाच घेतो.