दुकानातील जुना संगणक : नवा घ्यावा की डिस्क बदलावी?

कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातील छोट्या धंद्यांतही आता संगणक आला आहे. किराणा-हार्डवेअरवाले त्यावर बिले व जीएसटीचा हिशेब ठेवतात, छापखानेवाले लग्नपत्रिका जुळवतात, लेथवाले ड्रॉइंग पाहतात. सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक मात्र सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळते. अशा वेळी नवा संगणक घ्यावा, की विंडोज ही मूळ प्रणाली एसएसडीवर हलवावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि एक दांडी त्यावरील माहिती शोधत राहते. एसएसडीत फिरणारा भागच नाही. माहिती चिपमध्ये असते. त्यामुळे शोधाशोधीचा वेळ जवळजवळ उरत नाही. साटा जोडणी असलेल्या जुन्या संगणकातही अडीच इंची एसएसडी बसते.

पण आधी रोग ओळखावा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडीचा उपयोग होण्याचा संभव मोठा. मेमरीच भरलेली असेल, तर आधी रॅम वाढवावी. आणि फक्त जीएसटीचे संकेतस्थळच मंद उघडत असेल, तर डिस्कवर खर्च करून फायदा नाही.

दुसरा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपला संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतो की नाही, हे डिस्क विकत घेण्यापूर्वीच तपासावे. बसत नसेल, तर एसएसडीने वेग येईल, सुरक्षितता येणार नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार चालत असतील तर नव्याचाच विचार करावा.

हलवायचे ठरल्यास दोन मार्ग आहेत. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करणे सोपे, पण जुनी घाणही बरोबर येते. विंडोज कोरे टाकणे चांगले, पण सर्व प्रोग्राम पुन्हा बसवावे लागतात. हिशेबाचे किंवा मराठी टंकांचे सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा परवाना नव्या डिस्कवर कसा चालेल हे विक्रेत्याला आधी विचारावे. ईदची गर्दी किंवा मार्चअखेर गाठून हे काम काढू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डेटाची प्रत. हार्ड डिस्क पुष्कळदा खरखर करून इशारा देते. एसएसडी अचानक बंद पडू शकते आणि तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळणे कठीण असते. काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल, तर प्रत ठेवण्यासाठी वापरावी. मात्र ती दुकानातच ठेवू नये. २०१९ व २०२१ च्या कृष्णेच्या महापुरांनी आपल्या जिल्ह्यातील बाजारपेठा पाण्याखाली नेल्या होत्या. उधारीची वही एकदा भिजली की येणे बुडते, तेच संगणकाचे आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी प्रत घरी न्यावी, ती उघडते का पाहावे आणि मगच कारागिराला डिस्क बदलू द्यावी.