उन्हाळ्यापुरतें बेटावरचें बिऱ्हाड



बिऱ्हाड बदलणें ही गोष्ट आपणां मनुष्यांस कांहीं नवी नाहीं. नोकरीनिमित्त परगांवीं जावें लागलें, म्हणजे आपण प्रथम काय पाहतों? जागा राहण्याजोगी आहे कीं नाहीं, शेजार कसा आहे, दाणापाणी जवळ मिळतें कीं नाहीं, आणि रात्रीं दाराला कडी लावून निर्धास्त झोंप लागेल कीं नाहीं, या चार प्रश्नांचीं उत्तरें मनाजोगीं मिळालीं, कीं घर जुनें असलें तरी आपण भाडें ठरवून टाकतों. पक्षीही बिऱ्हाडें करतात, आणि त्यांचे प्रश्नही बहुतांशीं हेच असतात. फरक इतकाच कीं, त्यांचें बिऱ्हाड दुसऱ्या कोणीं बदलूं म्हटलें तर तें सहसा बदलत नाहीं. ज्या बेटावर जन्म झाला त्याच बेटावर संसार थाटावयाचा, असा कित्येक समुद्रपक्ष्यांचा कुलाचार आहे. असें असतां अमेरिकेंतील एका शिक्षकानें अशा एका पक्ष्याला, त्याच्या पूर्वजांनीं कधींच गमावलेलें एक बेट पुन्हां घर म्हणून कसें पटविलें, ती हकीकत आज मी सांगणार आहें.

या पक्ष्याचें नांव पफिन. उत्तर अटलांटिक महासागर हें त्याचें राहण्याचें ठिकाण. आकारानें तो साधारण पारव्याएवढा. पाठ काळी, पोट पांढरें, पाय नारिंगी, आणि चोंच मोठी, चपटी व रंगीबेरंगी. या चोंचीमुळें त्याला समुद्रांतला पोपट असेंही म्हणतात. चोंचीची ही शोभा मात्र विणीच्या हंगामापुरतीच असते. हंगाम संपला कीं वरचीं रंगीत कवचें गळून पडतात आणि चोंच लहान व मळकट दिसूं लागते. वर्षांतील सात-आठ महिने हा पक्षी जमिनीचें तोंडही पाहत नाहीं. उघड्या समुद्रावर तो पोहतो, बुड्या मारून मासे पकडतो आणि लाटांवरच विसांवा घेतो. एप्रिलच्या सुमारास तो बेटाकडे वळतो, आणि ऑगस्टांत पुन्हां समुद्राला लागतो. म्हणजे त्याचें घर हें खरोखरच उन्हाळ्यापुरतें बिऱ्हाड होय.

मादी एका हंगामांत एकच अंडें घालते. जमीन मऊ असली तर उकरून केलेल्या बिळांत, आणि खडकाळ असली तर शिळांच्या फटींत. सुमारें सहा आठवडे नर व मादी आळीपाळीनें अंडें उबवितात, आणि पुढें जवळजवळ तितकेच दिवस पिलाला मासे आणून भरवितात. पफिनची जीभ खरखरीत असून टाळूवर बारीक कांटे असतात. त्यामुळें धरलेले मासे जिभेनें टाळूशीं दाबून ठेवून तो आणखी मासे पकडूं शकतो, आणि एका खेपेस दहा-दहा मासे चोंचींत आडवे धरून घरीं येतो. पिलूं पुरेसें वाढलें, कीं एका रात्रीं तें एकटेंच बिळाबाहेर पडतें आणि थेट समुद्र गांठतें. आईबाप बरोबर नसतात, वाट दाखविणारें कोणी नसतें. पुढें दोन-तीन वर्षें तें समुद्रावरच काढतें. नंतर परततें तें बहुधा आपल्या जन्मभूमीकडेच. आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास स्वतःचा संसार मांडतें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोंकास मेन नांवाचें संस्थान आहे. त्याच्या किनाऱ्यासमोर ईस्टर्न एग रॉक या नांवाचें अवघें सात एकरांचें एक बेट आहे. मध्यें गवत आणि सभोंवार शिळांच्या राशी, इतकेंच त्याचें वैभव. एकोणिसाव्या शतकांत या शिळांच्या फटींत पफिनांचीं घरें होतीं. परंतु मांसासाठीं, अंड्यांसाठीं आणि पिसांसाठीं माणसांनीं त्यांची इतकी शिकार केली, फटींच्या तोंडावर मासे धरण्याचीं जाळीं पसरून त्यांना असें पकडलें, कीं १८८५ च्या सुमारास हें बेट ओस पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तर साऱ्या मेनच्या किनाऱ्यावर, मॅटिनिकस रॉक या दूरच्या दीपगृहाच्या बेटावर, पफिनांची एकच जोडी उरली होती, असें सांगतात. पुढें शिकारबंदीचे कायदे झाले, मॅटिनिकस रॉकवर राखण बसली, आणि तेथील वस्ती हळूहळू वाढली. एग रॉक मात्र ओसच राहिलें. कायद्यानें बंदूक थांबली, पण गेलेलें गोकुळ परत आलें नाहीं.

असें कां व्हावें? शिळा त्याच होत्या, समुद्र तोच होता. परंतु ज्या पक्ष्यांना तें बेट आपलें म्हणून ठाऊक होतें, त्यांतला एकही उरला नव्हता. आणि जे उरले होते त्यांना आपापलीं दुसरीं बेटें ठाऊक होतीं. एखाद्या गांवांतील शेवटचा विणकर आपली कला कोणाला न शिकवितां मेला, तर माग आणि सूत जागच्या जागीं असूनही कापड निघत नाहीं, तसेंच हें झालें. त्यांत आणखी एक विघ्न आलें. मासेमारींत फेंकून दिलेले मासे आणि शहरांचा कचरा यांवर पोसलेले मोठे कुरव पक्षी त्या किनाऱ्यावर फार माजले होते, आणि एग रॉकवर त्यांचेंच राज्य होतें. हे कुरव पफिनांचीं पिलें तर खातातच, पण प्रसंगीं मोठ्या पफिनालाही सोडीत नाहींत.

१९६९ सालापासून स्टीफन क्रेस नांवाचे तरुण शिक्षक त्या किनाऱ्यानजीकच्या हॉग बेटावरील उन्हाळी शिबिरांत पक्ष्यांविषयीं शिकवीत असत. एग रॉकवर पूर्वीं पफिन नांदत होते, ही माहिती त्यांस एका जुन्या पुस्तकांत सांपडली. तेव्हां त्यांनीं असा विचार केला, कीं पिलूं जेथून प्रथम समुद्रांत उतरतें ती जागा जर त्याच्या मनांत ठसत असेल, तर उडूं लागण्यापूर्वींच तें एग रॉकवर आणून वाढवावें. मग मोठें झाल्यावर तें याच बेटाला माहेर समजून परत येईल. तर्क सरळ होता. पण पफिनांच्या बाबतींत तो कोणीं कसास लावून पाहिलेला नव्हता, आणि जाणत्या लोकांसही तो सिद्धीस जाईल असें वाटत नव्हतें.

१९७३ साली या कामास आरंभ झाला. कॅनडांतील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ ग्रेट आयलंड नांवाचें बेट आहे; तेथें पफिनांची फार मोठी वस्ती आहे. तेथून सुमारें दोन आठवड्यांचीं पिलें उचलून विमानानें मेनमध्यें आणावयाचीं, असें ठरलें. हें अंतर जवळजवळ १६०० किलोमीटर आहे. पहिल्या वर्षीं अवघीं सहा पिलें आणलीं. पुढें संख्या वाढविली, आणि १९७३ ते १९८६ या काळांत एकूण ९५४ पिलें एग रॉकसाठीं आणण्यांत आलीं. त्यांच्यासाठीं माणसांनीं हातांनीं बिळें खणलीं. रोज प्रत्येक बिळाच्या तोंडाशीं मासे ठेवले जात, आणि त्यांतच जीवनसत्त्वें घातलेलीं असत. पिलांना माणसांचा लळा लागूं नये म्हणून त्यांच्याशीं जवळीक मात्र कटाक्षानें टाळली जाई. दत्तक घेतलेल्या मुलाचें सर्व कांहीं करावें, पण आपलें तोंड त्याला दाखवूं नये, असें हें विलक्षण पालकत्व होतें. प्रत्येकाच्या पायांत ओळखीचें कडें घालीत. या ९५४ पिलांपैकीं ९१४ पिलें नीट वाढून समुद्रावर गेलीं.

गेलीं खरीं, पण परत येणार होतीं का? याचें उत्तर मिळण्यास वाट पाहण्यावांचून दुसरा उपाय नव्हता. एकामागून एक उन्हाळे लोटले. वाट पाहत असतां क्रेस यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. पफिन हा मंडळींत राहणारा पक्षी आहे. आपल्या जातीचे चारजण जेथें बसलेले दिसतील तेथें उतरावयाचें, हा त्याचा स्वभाव. अनोळखी गांवांत वाटसरूला दोन खाणावळी दिसल्या, तर चार माणसें जेवत असलेल्या खाणावळींतच तो शिरतो; रिकामी असलेली त्याला संशयास्पद वाटते. एग रॉक ही रिकामी खाणावळ होती. म्हणून लांकडाचे पफिन कोरून, रंगवून शिळांवर मांडण्यांत आले. १९७७ च्या उन्हाळ्यांत कडें घातलेला पहिला पफिन बेटावर उतरला. असे परतलेले पक्षी लांकडी सोबत्यांच्या शेजारीं बसत, त्यांना चोंचीनें डिवचून पाहत. परंतु लांकूड कांहीं उत्तर देत नाहीं. म्हणून पुढें आरसेही मांडले, कीं निदान हलणारी सोबत दिसावी.

शेजाराचा प्रश्नही असाच युक्तीनें सोडविला. प्रथम कुरवांना बेटावरून हुसकून लावलें. पण माणूस किती पहारा करणार? सुरय नांवाचे चपळ समुद्रपक्षी आपल्या घरट्यांजवळ कुरवांना फिरकूं देत नाहींत. सगळे मिळून त्यांच्या डोक्यावर झडप घालतात. तेव्हां लांकडी सुरय मांडून आणि त्यांच्या कलकलाटाचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांनाही बोलाविलें. १९८० सालीं सुरयांनीं बेटावर घरटीं केलीं. अशा रीतीनें पफिनांच्या बिऱ्हाडाला फुकटचे पहारेकरी लाभले.

तथापि पक्षी येणें निराळें आणि संसार मांडणें निराळें. पफिनचें पिलूं शिळांच्या खोल फटींत असतें, तें बाहेरून दिसत नाहीं. घरांत पिलूं आहे याची खूण एकच: मोठा पक्षी चोंचींत मासे घेऊन येतो आणि ते स्वतः न खातां फटींत शिरतो. ४ जुलै १९८१ या दिवशीं क्रेस यांच्या दृष्टीस ही खूण पडली. १८८५ च्या सुमारास विझलेली चूल सुमारें शहाण्णव वर्षांनीं पेटली. मोडण्यास कांहीं हंगाम पुरले. पुन्हां उभें करण्यास, पहिलें पिलूं आणल्यापासूनच मोजलें तरी, आठ वर्षें लागलीं. पुढें वस्ती वाढत जाऊन २०१९ सालीं एग रॉकवर १८८ जोड्या मोजण्यांत आल्या. त्याच किनाऱ्यावरील सील आयलंड या दुसऱ्या बेटावरही १९८४ पासून पिलें आणलीं, आणि १९९२ मध्यें तेथें पफिनांनीं घरें केलीं.

येथें कथा संपली असें कोणास वाटेल. परंतु तसें नाहीं. आजही दर उन्हाळ्यांत कांहीं तरुण अभ्यासक पफिनांबरोबरच या बेटांवर बिऱ्हाड करतात. तंबू ठोकतात, शिधा व पिण्याचें पाणी बाहेरून आणतात, आणि हंगाम संपेपर्यंत पक्ष्यांची मोजदाद व राखण करतात. माणूस हटला तर कुरव परत येतात, हें अनुभवानें ठरलें आहे. आणि जागा, शेजार व निर्भयता हे तीन प्रश्न माणसानें सोडविले, तरी चौथा, दाण्यापाण्याचा, त्याच्या हातीं राहिलेला नाहीं. मेनचें आखात जगांतील बहुतेक समुद्रांहून अधिक वेगानें तापत आहे. पाणी तापलें कीं हेरिंगसारखे सडपातळ मासे दूर अगर खोल पाण्यांत जातात. २०१२ सालीं समुद्र असाच असाधारण तापला होता. तेव्हां आईबापांनीं बटरफिश नांवाचे रुंद मासे आणून पिलांपुढें टाकले. ते पिलांच्या घशांत उतरेनात, आणि पुढ्यांत अन्न असतां कित्येक पिलें उपाशीं मेलीं. बेटाची राखण तंबूंत राहून करतां येते. समुद्राची राखण करावयाची तर साऱ्या जगानें आपल्या चुली, गिरण्या आणि गाड्या यांचा विचार करावयास हवा.

असें असतां हा खटाटोप व्यर्थ ठरतो काय? मला तसें वाटत नाहीं. या बेटावर सिद्ध झालेली विद्या इतरत्र उपयोगी पडली आहे. जपानांत तोरिशिमा हें ज्वालामुखीचें बेट दुर्मिळ अशा आखूड शेपटीच्या अल्बट्रॉस पक्ष्याचें मुख्य घर आहे. ज्वालामुखी जागा झाला तर ती सारी जात संकटांत येईल, म्हणून २००८ ते २०१२ या वर्षांत तेथील ७० पिलें मुकोजिमा या सुरक्षित बेटावर नेऊन वाढविलीं. आणि त्यांतलीं कांहीं पुढें त्याच बेटावर परतलीं.

आपल्या कोंकण किनाऱ्यावरही जन्मभूमीची ही ओढ पाहावयास मिळते. समुद्रकासवाची मादी अंडीं घालण्यास आपल्या जन्मस्थळाच्या परिसराकडे वळते असें शास्त्रज्ञ मानतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें कासवांचीं अंडीं राखण्याचें काम हातीं घेतलें. पूर्वीं जीं अंडीं माणसें व कोल्हेकुत्रीं उकरून नेत, तीं कुंपणांत सांभाळून पिलें समुद्रांत सोडण्यांत येऊं लागलीं. तेथें बाहेरून कांहीं आणावें लागलें नाहीं, लांकडी कासवें मांडावीं लागलीं नाहींत. कारण वाट ठाऊक असलेलीं कासवें अद्याप शिल्लक होतीं. मेनच्या लोकांना जें शंभर वर्षांनीं, विमानें उडवून आणि बिळें खणून मिळवावें लागलें, तें वेळासच्या लोकांनीं वेळेवर घातलेल्या एका कुंपणानें राखलें.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं घरें समुद्राकांठीं, नदीकांठीं किंवा तळ्याकांठीं असतील, त्यांनीं आपल्या गांवीं हंगामापुरतें बिऱ्हाड करणारे असे पाहुणे कोण आहेत, हें एकदां पाहून ठेवावें; आणि त्यांची वाट कोणीं अडविली असेल तर ती आजच मोकळी करावी. शेवटची जोडी गेल्यानंतर तेंच काम आपल्या नातवंडांना करावें लागेल, आणि तें आजच्याइतकें सोपें राहणार नाहीं.