केंद्रकपटलातील प्रथिने : खंड, नाव आणि कार्य

प्रथिनांच्या रचनेविषयीचे अलीकडील लेखन वाचीत असता भाषाशास्त्राच्या अभ्यासकास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ठराविक क्रमाने गुंफलेली साखळी होय. या साखळीतील काही तुकडे निरनिराळ्या प्रथिनांत थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात आणि बहुधा स्वतंत्रपणे घडी घालून ठराविक आकार धारण करतात. अशा तुकड्यास 'डोमेन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'खंड' हा शब्द योजला आहे. शब्दांचे प्रकृती व प्रत्यय असे विभाग पाडण्याची सवय असलेल्यास ही विचारपद्धती परकी वाटू नये. तथापि हे साम्य कोठवर खरे आणि कोठे ते सोडून द्यावे लागते, हे उदाहरणे तपासल्याखेरीज ठरविता येणार नाही. त्यासाठी येथे मानवी पेशीच्या केंद्रकपटलातील प्रथिने निवडली आहेत. तेथील खंडांपैकी काहींचा अभ्यास बारकाईने झालेला आहे, आणि त्यांत बिघाड झाल्यास होणारे परिणाम रोगरूपाने प्रत्यक्ष दिसून येतात.

१. स्थान

केंद्रकाभोवतीचे आवरण दुहेरी असते. बाह्यपटल पेशीद्रव्याकडे, तर अंतःपटल गुणसूत्रांकडे असते. या दोहोंमध्ये सुमारे ३० ते ५० नॅनोमीटर रुंदीची पोकळी असते. अंतःपटलाच्या आतल्या अंगास लॅमिन नावाच्या तंतुमय प्रथिनांचे अस्तर असते. पटलात रुतलेल्या प्रथिनाचा एक भाग पटलाच्या एका बाजूस व दुसरा भाग दुसऱ्या बाजूस असू शकतो. म्हणून कोणत्याही खंडाविषयी पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे? गुणसूत्रांकडे, मधल्या पोकळीत, की पेशीद्रव्यात? हा प्रश्न न विचारता केलेले कार्यविवेचन निराधार ठरते.

२. पद्धती

एखाद्या खंडाचे कार्य ठरवितात कसे? संशोधक तो खंड प्रथिनातून वगळतात किंवा त्यातील एखादे अमिनो आम्ल बदलतात, आणि कोणते कार्य नाहीसे झाले ते पाहतात. उलट तोच खंड एकटा किंवा दुसऱ्या प्रथिनास जोडून, ते कार्य त्याच्यामागून येते की नाही, हेही पाहतात. ही रीत आपल्या परिचयाची आहे. पाणिनीच्या प्रातिपदिकविषयक सूत्रावरील वार्तिकात कात्यायनाने अन्वयव्यतिरेकाचा आधार घेतला, आणि 'वृक्षः' व 'वृक्षौ' या रूपांच्या तुलनेने पतंजलीने तो विशद केला. एक ध्वनी जातो त्यासवे एकत्वाचा अर्थ जातो. दुसरा येतो त्यासवे द्वित्वाचा अर्थ येतो. जे कायम राहते ते वृक्षत्व होय. प्रयोगशाळेतील तर्काचा सांगाडा हाच आहे.

३. लेम खंड

लॅप२, एमेरिन व मॅन१ या अंतःपटलातील तीन प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून 'लेम' हे नाव पडले. मानवात हा खंड असलेल्या प्रथिनांची सात जनुके ज्ञात आहेत. खंड लहान, सुमारे चाळीस अमिनो आम्लांचा असून त्याचे तोंड गुणसूत्रांकडे असते. 'बाफ' नावाच्या ८९ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनास तो धरतो, आणि बाफ डीएनएस धरते. अशा रीतीने पटल व गुणसूत्रे यांची सांगड घातली जाते. एमेरिनाच्या लेम खंडातील मोजकी अमिनो आम्ले बदलली असता बाफशी असलेला त्याचा संबंध तुटतो. पेशीविभाजनानंतर नव्या आवरणात एमेरिन योग्य जागी येण्यासही हाच संबंध आवश्यक असतो.

बाफ हे नावही विचार करण्याजोगे आहे. त्याचा अर्थ 'स्वतःतच जोडणी होण्यास अडथळा करणारा घटक' असा आहे. उंदरांतील एका विषाणूचा डीएनए स्वतःलाच जोडला जाऊन निकामी होत नाही, यास पेशीतील कोणता पदार्थ कारण होतो, याचा शोध घेताना हे प्रथिन १९९८ साली हाती आले. पेशीने ते विषाणूच्या सोयीसाठी बाळगलेले नाही, हे उघड आहे. नाव शोधाचा प्रसंग सांगते, कार्य सांगत नाही.

आता तोच लेम खंड भिन्न शेजाऱ्यांसह कसा वागतो ते पाहू. २५४ अमिनो आम्लांचे एमेरिन लॅमिनासही जोडले जाते. मॅन१ प्रथिनाच्या दुसऱ्या टोकास असलेला खंड पेशीबाहेरून आलेले वाढीचे संदेश केंद्रकात पोहोचविणाऱ्या 'स्मॅड' प्रथिनांस धरून त्या संदेशांना आवर घालतो. १९६६ साली एमरी व ड्रायफस यांनी वर्णिलेल्या स्नायुरोगात कोपर, टाचेमागील स्नायुबंध व मान यांत लहान वयातच आखडलेपणा येतो आणि पुढे स्नायू क्षीण होतात. या रोगाच्या एका प्रकाराचे मूळ एमेरिनाच्या जनुकात आहे, हे १९९४ साली निश्चित झाले. मॅन१च्या जनुकाची एक प्रत निकामी झाल्यास होणारा विकार याहून अगदी निराळा आहे. त्यात हाडांत घट्ट ठिपके दिसतात, आणि ते बहुधा निरुपद्रवी असतात. लेम खंड दोहोंत आहे. रोग मात्र भिन्न आहेत. तेव्हा 'लेम खंड म्हणजे अमुक कार्य' असे समीकरण मांडता येत नाही.

येथे व्यतिरेकाची मर्यादाही ध्यानी येते. एमेरिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असते. मग त्याच्या अभावाने मुख्यतः स्नायू व हृदय यांवरच आघात का व्हावा? सूत्रकृमीवरील २००३ सालच्या प्रयोगांनी या प्रश्नावर काही प्रकाश टाकला. त्या कृमीत केवळ एमेरिन काढून टाकले असता काहीच बिघडलेले दिसले नाही. परंतु एमेरिन व मॅन१ ही दोन्ही घटविली असता गुणसूत्रांची वाटणी बिघडून भ्रूण मरण पावले. भाषेतील एक पर्यायशब्द लुप्त झाला तरी व्यवहार अडत नाही, तसाच हा प्रकार आहे. काढल्याने काही बिघडले नाही, म्हणून त्या घटकास कार्यच नाही, असे अनुमान काढणे चुकीचे होय.

४. सन आणि कॅश

ही दोन नावे लिपीत पाहून गैरसमज होण्याचा संभव आहे. 'सन' याचा वर्षाशी वा सूर्याशी संबंध नाही, आणि 'कॅश' याचा रोकडीशी नाही. एका किण्वातील सॅड१ व सूत्रकृमीतील अंक-८४ या प्रथिनांवरून पहिले नाव बनले. फळमाशीतील क्लारझिश्ट, सूत्रकृमीतील अँक-१ आणि सस्तन प्राण्यांतील साइन यांच्या साधर्म्यावरून दुसरे नाव आले.

सन प्रथिने अंतःपटलात रुतलेली असून त्यांचा सन खंड मधल्या पोकळीत असतो. कॅश प्रथिने बाह्यपटलात असतात, आणि त्यांचे सुमारे तीस अमिनो आम्लांचे शेपूट त्याच पोकळीत येते. तेथे दोहोंची गाठ पडून केंद्रकाचे अस्तर व पेशीद्रव्यातील तंतू एकमेकांस जोडले जातात. कॅश शेपूट सर्वत्र जवळजवळ सारखेच. डोके मात्र निरनिराळे. नेस्प्रिन-१ व २ ही अवाढव्य प्रथिने अ‍ॅक्टिनतंतूंस धरतात. त्यांपैकी पहिल्याच्या सर्वांत लांब रूपात साडेआठ हजारांहून अधिक अमिनो आम्ले आहेत. नेस्प्रिन-३ प्लेक्टिनास आणि नेस्प्रिन-४ कायनेसिन या वाहक प्रथिनास धरते. दुकानदार, जमीनदार, फौजदार या शब्दांत प्रत्यय तोच आणि प्रकृती निराळी, तसा हा प्रकार वाटतो. नेस्प्रिन-४ मधील दोषाने मनुष्यास बहिरेपणा येतो, तर नेस्प्रिन-१ मधील काही दोषांनी चालण्याचा तोल जातो.

परंतु २०१२ साली सन२ व कॅश यांच्या जोडणीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आली. सन खंड एकटा काम करीत नाही. तीन सन खंड बेलाच्या त्रिदलाप्रमाणे एकत्र येतात आणि कॅश शेपूट दोन लगतच्या दलांमधील खाचेत बसते. म्हणजे धरण्याचे सामर्थ्य एका खंडात नसून खंडांच्या संयोगात आहे. भर्तृहरीने वाक्यातून पदे व पदांतून प्रकृतिप्रत्यय वेगळे काढण्याच्या क्रियेस अपोद्धार म्हटले, आणि तो विवेचनाच्या सोयीसाठी असतो असे मानले. सन खंडापुरते तरी हे म्हणणे येथे लागू पडते.

५. दोन कार्यांचे एक प्रथिन

लॅमिन-बी-ग्राहक हे ६१५ अमिनो आम्लांचे प्रथिन निराळा धडा देते. त्याचा आरंभीचा भाग केंद्रकात राहून लॅमिन व क्रोमॅटिन यांस धरतो. उरलेला भाग पटलातून आठ वेळा आरपार जातो आणि कोलेस्टेरॉलच्या निर्मितीतील एका टप्प्याचे विकर म्हणून काम करतो. या जनुकातील दोषाने श्वेतपेशींच्या केंद्रकाचा आकार बदलणारी पेल्गर-ह्यूएट विकृती उद्भवते. ती सहसा त्रासदायक नसते. याच जनुकाच्या दोन्ही प्रतींतील काही दोषांमुळे मात्र अस्थींची वाढ विकृत होऊन गर्भ दगावतो. रोगास जनुकाचे नाव जोडून थांबणे पुरेसे नाही. कोणत्या खंडाचे कोणते कार्य गेले, हे पाहणे प्राप्त आहे.

६. समारोप

भाषेत ध्वनी व अर्थ यांचा संबंध लोकरूढीने ठरलेला असतो. 'झाड' या ध्वनींत झाडाचे काहीही नाही. प्रथिनखंडाचे तसे नाही. बाफ लेम खंडास बसते ते दोहोंच्या आकारामुळे व विद्युत्भारामुळे, कोणाच्या संकेतामुळे नव्हे. म्हणून प्रथिनांस 'भाषा' म्हणणे हा केवळ अलंकार होय, आणि तो शास्त्रीय निष्कर्षाचा आधार होऊ शकत नाही. घेण्याजोगी आहे ती पद्धती : तुकडा ओळखणे, तो काढून व अन्यत्र ठेवून पाहणे, त्याचे शेजारी व त्याची दिशा नोंदविणे, आणि नावावर विसंबून न राहणे.

या सावधगिरीचे मोल केवळ ग्रंथांपुरते नाही. एमरी-ड्रायफस रोगात स्नायूंची दुर्बलता हळूहळू वाढते व कधी कधी सौम्यही असते. परंतु हृदयातील विद्युत्संदेशांच्या वहनात अडथळा येऊन आकस्मिक मृत्यू ओढवू शकतो, आणि वेळीच पेसमेकर बसविल्यास तो पुष्कळदा टळतो. 'स्नायुरोग' या नावापाशी जो थांबला त्याने हृदय तपासले नाही, असे घडू शकते. १९९९ साली असे दिसून आले की, लॅमिन-एच्या जनुकातील दोषानेही हाच रोग होतो. बिघाड एका खंडाचा असो वा त्याच्या जोडीदाराचा, तुटतो तो त्या दोहोंमधील संबंध. खंडांचा अभ्यास करणाऱ्याने अखेर याच संबंधाकडे लक्ष द्यावयाचे आहे.