किल्ल्यावरील हिरवळ
दिवाळीत महाराष्ट्रातील मुले दगडमातीपासून दुर्गाची जी प्रतिकृती उभारतात, तिच्या उतारांवर बी पेरून, रोपे लावून किंवा कृत्रिम द्रव्ये चिकटवून तयार केलेले हिरवे आच्छादन. मुंबईत गिरगाव, लालबाग, परळ, दादर, शीव या भागांतील चाळींची अंगणे, जिन्याखालच्या जागा व सज्जे यांतून असे किल्ले उभे राहतात. तट, बुरूज, दरवाजे आणि मावळ्यांची मातीची चित्रे यांकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते. परंतु मातीच्या ढिगाला डोंगराचे रूप येते ते मुख्यतः हिरवळीमुळे. ती सर्वत्र सारखी पसरली, तर किल्ल्याची घडण झाकली जाते. योग्य जागी राखली, तर तीच घडण स्पष्ट होते. त्यामुळे हिरवळ कोठे असावी व कोठे नसावी, हा या कामातील मुख्य प्रश्न होय.

दुर्ग आणि झाडी : प्रत्यक्ष दुर्गाच्या बाबतीत हा प्रश्न संरक्षणाचा होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात (सु. १७१५) दुर्गांच्या व्यवस्थेचे विवेचन आहे. गडाच्या घेऱ्यातील झाडी हे गडाचे रक्षण असून ती प्रयत्नपूर्वक वाढवावी, तिच्यातील एक काठीही तोडू देऊ नये, प्रसंगी तिच्या आडोशाने बंदूकधारी शिपाई ठेवता येतात, असे त्यात सांगितले आहे. याउलट तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढावीत आणि तटावरील व तटाखालील गवत जाळून टाकावे, असाही दंडक आहे. म्हणजे घेऱ्यात दाट झाडी, तटाशी मोकळी जागा आणि तट स्वच्छ, अशी रचना अभिप्रेत होती. मातीच्या किल्ल्यावर तटापर्यंत, किंबहुना तटावरही, अळीव पेरण्याची जी चाल दिसते, ती या रचनेच्या विरुद्ध आहे.

सह्याद्रीच्या भूरचनेमुळेही हिरवळीची जागा ठरते. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक हा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे उभे कडे व मऊ थरांचे सौम्य उतार एकाआड एक येत असल्याने डोंगराला पायऱ्यांसारखा आकार येतो. ‘ट्रॅप’ हे या खडकाचे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. कड्यावर माती टिकत नाही, म्हणून तो उघडा व काळसर राहतो; दोन कड्यांमधील टप्प्यांवर गवत वाढते; घळींत ओल साठत असल्याने तेथे झुडपे दाट होतात. दुरून पाहिल्यास हिरव्या व काळ्या रंगांचे आडवे पट्टे दिसतात. मातीचा किल्ला रचतानाच त्याच्या उतारावर असे टप्पे काढले आणि केवळ टप्प्यांवर व घळींत बी पेरले, तर तो सह्याद्रीतील डोंगर म्हणून ओळखू येतो. आश्विन–कार्तिकात प्रत्यक्ष डोंगरावरील गवत पिवळे पडू लागलेले असते. त्यामुळे एकसारखा गर्द हिरवा रंगही वास्तवाला धरून नसतो.

प्रमाण : सु. ८०० मी. उंचीचा डोंगर ८० सेंमी. उंचीच्या मातीत दाखविल्यास प्रमाण १ : १,००० होते. या प्रमाणात ३ सेंमी. उंचीचे अळिवाचे रोप ३० मी. उंच वृक्षाइतके ठरते. मीटरभर उंचीच्या गवतासाठी केवळ १ मिमी. उंचीचे आच्छादन लागेल. कोणतेही पेरलेले बी इतके खुजे राहत नाही. दुसरीकडे, त्याच किल्ल्यावर ठेवलेले ८ ते ९ सेंमी. उंचीचे मावळे सु. १ : २० या प्रमाणात असतात आणि त्यांच्याशेजारी ३ सेंमी. उंचीचे रोप ६० सेंमी. उंचीच्या गवतासारखे दिसते. एकाच किल्ल्यावर अशी दोन प्रमाणे नांदत असतात. म्हणून उंच रोपे पायथ्याशी मावळ्यांच्या जवळ व बारीक आच्छादन माथ्याकडे योजल्यास माथा दूर भासतो आणि किल्ला आहे त्याहून उंच वाटतो.

लहान टेकडीवरील दुर्ग निवडल्यास ही अडचण बरीच कमी होते. शीव येथील किल्ला हे याचे जवळचे उदाहरण होय. शीव म्हणजे हद्द. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे १६६८ मध्ये आली, त्या वेळी पलीकडील साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. परळ बेटाच्या उत्तर टोकावरील शंक्वाकार टेकडीवर जेरल्ड आँजिअर याच्या कारकीर्दीत (१६६९–७७) इंग्रजांनी हा किल्ला बांधला. पायथ्याशी आता जवाहरलाल नेहरू उद्यान आहे. ही टेकडी लहान असल्याने तिची प्रतिकृती १ : १०० या प्रमाणातही करता येते. या प्रमाणात ३ सेंमी. उंचीचे अळिवाचे रोप ३ मी. उंचीच्या झुडपासारखे ठरते आणि वृक्षांसाठी १० सेंमी. लांबीच्या बारीक डहाळ्या पुरतात. शिवाय मुलांना मूळ टेकडी जवळच पाहता येते. कोणत्या बाजूस सावली व ओल अधिक आहे, पायवाटेवर गवत कसे तुडवले जाते, पडक्या भिंतींतून रोपे कशी फुटतात, हे तेथे नजरेस पडते.

बियांची निवड : अळीव (लेपिडियम सटायव्हम) हे या कामी सर्वांत अधिक वापरले जाणारे बी होय. पाणी लागताच त्याच्या सालीतून चिकट बुळबुळीत द्रव्य सुटते व बी ओल्या मातीला चिकटून राहते. यामुळे ज्या उभ्या उतारावरून इतर बिया घसरतात, तेथेही ते टिकते. एकदोन दिवसांत मोड येतात व पाचसहा दिवसांत ३ ते ५ सेंमी. उंचीची रोपे तयार होतात. त्याची बीजपत्रे तीन दलांत विभागलेली असल्याने दाट पेरलेले अळीव गवतापेक्षा झाडीसारखे दिसते. घळींसाठी व घेऱ्यासाठी ते योग्य ठरते. मोहरीची बीजपत्रे रुंद व हृदयाकृती असून तिची रोपे अधिक मोठी वाटतात.

खऱ्या अर्थाने गवताचे रूप येते ते तृण कुलातील धान्यांमुळे. नाचणीचे (एल्युसाइन कोराकाना) बी बारीक असून तिची पाती अरुंद असतात, म्हणून टप्प्यांवर व माथ्यावर ती शोभते. मात्र तिला उगवून दिसू लागण्यास अळिवापेक्षा अधिक दिवस लागतात. गहू आठवड्याभरात वीतभर उंच वाढतो. तो पायथ्याच्या शेतात ओळीने पेरतात. हरळीचे मुळांसकट काढलेले तुकडे सपाट जागी बसविता येतात. पावसाळ्यानंतर भिंतीवर उरलेले शेवाळे काही मिलिमीटरच उंच असल्याने मोठ्या डोंगराच्या प्रमाणाला ते सर्वांत जवळचे आच्छादन होय. परंतु ऑक्टोबरच्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून ते सावलीच्या बाजूस लावतात.

पेरणी व निगा : विटा, दगड व लाकडे रचून त्यांवर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरतात आणि त्यावर चाळलेल्या मातीचा लेप देतात. मुंबईत माती मिळविणे हेच कष्टाचे काम असते. बांधकामाच्या राडारोड्यातील मातीत चुना व सिमेंट मिसळलेले असते आणि समुद्रकाठच्या वाळूत क्षार असतात. दोन्हींमुळे बी नीट उगवत नाही. अशी माती गाभ्यात वापरून वरचा दोनतीन सेंमी. जाडीचा थर कुंडीतील वा बागेतील मातीचा देणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

पेरणीचा दिवस दिवाळीपासून मागे मोजून ठरवितात. नाचणी सु. ८ ते १० दिवस, गहू व मोहरी सु. ७ दिवस आणि अळीव ५ ते ६ दिवस आधी पेरल्यास वसुबारसेपर्यंत सर्व हिरवळ एकदम डोळ्यांत भरते. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सु. अडीच आठवडे मिळत असल्याने किल्ला रचून पेरणीस पुरेसा अवधी असतो. नाचणी व गहू रात्रभर भिजवून घेतात. अळीव थोडा वेळ भिजवून हाताने मातीवर थापतात. कडे, तट व वाटा यांची जागा पेरणीपूर्वीच आखून मोकळी सोडणे आवश्यक असते, कारण उगवलेली रोपे उपटताना मातीचा लेपही सुटतो.

पहिले एकदोन दिवस ओल्या फडक्याने झाकण घालतात व मोड येताच ते काढतात. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य अंधाऱ्या देवघरात पिवळट राहते, हे सर्वपरिचित आहे. प्रकाशाविना हरितद्रव्य तयार होत नाही व अंकुर लांब, दुबळे वाढतात. किल्ल्यावरील हिरवळीलाही हाच नियम लागू पडतो. सज्जातील किल्ल्यास एकाच बाजूने प्रकाश मिळत असल्याने सर्व रोपे बाहेरच्या दिशेने कलतात. ही गोष्ट लक्षात घेऊन किल्ल्याचे तोंड उजेडाकडे ठेवणे इष्ट असते. पाणी धारेने ओतल्यास बी व माती वाहून जाते, म्हणून ते हाताने किंवा फवाऱ्याने शिंपडतात. ऑक्टोबरच्या उष्म्यात दिवसातून दोनतीनदा शिंपण करावे लागते. तथापि पाणी फार झाले व पेरणी अतिदाट असली, तर बुरशी धरून रोपे जमिनीलगत कुजतात व कोलमडतात. मुंग्या, चिमण्या व कबुतरे बी पळवितात. मुंग्यांसाठी कडेने हळद टाकण्याची रीत आहे.

कृत्रिम आच्छादन : जिवंत बी न वापरता भूप्रदेशाची प्रतिकृती हिरवी करण्याचे तंत्र यूरोपात लष्करी गरजेतून वाढले. फ्रान्समध्ये चौदाव्या लूईच्या काळी, १६६८ मध्ये, तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ झाला. १ : ६०० या प्रमाणातील या प्रतिकृतींत शेते व कुरणे दाखविण्यासाठी रंगीत वाळू व बारीक कापलेले रेशीम वापरीत. प्रशियात राइसव्हिट्स याने १८१२ मध्ये राजाला सादर केलेल्या युद्धखेळात भूप्रदेश प्लास्टरच्या रंगविलेल्या ठोकळ्यांचा होता. एच्. जी. वेल्स यांच्या लिट्ल वॉर्स (१९१३) या पुस्तकानंतर शिशाच्या सैनिकांचे खेळ छंद म्हणून रुजले आणि त्यांसाठी मोठे भूप्रदेश बनविण्याची कला आगगाडीच्या प्रतिकृतींच्या छंदाबरोबर विकसित झाली.

या छंदांत आज नायलॉनचे २ ते १२ मिमी. लांबीचे रंगीत तंतू वापरतात. पृष्ठभागाला आधी मातकट रंग देऊन त्यावर पातळ केलेला पांढरा सरस लावतात. तंतू एका जाळीच्या पात्रात असतात. हे पात्र व सरस लावलेला पृष्ठभाग यांच्यामध्ये काही हजार व्होल्टचे विद्युत् दाबांतर निर्माण केल्यावर तंतू विद्युत् भारित होतात, क्षेत्राच्या दिशेने उभे राहतात व त्याच स्थितीत सरसात रुततात. नुसते भुरभुरविलेले तंतू मात्र आडवे पडतात. मोठ्या पृष्ठभागावर सरस वाळण्यापूर्वी काम उरकावे लागत असल्याने ते लहान लहान तुकड्यांत करतात. तुकड्यांच्या कडा वेड्यावाकड्या ठेवल्या म्हणजे सांधा दिसत नाही. दोनतीन लांबीचे व छटांचे तंतू मिसळणे, मधूनमधून उघडी माती सोडणे आणि दगडांच्या बुडाशी गवत दाट ठेवणे यांवर वास्तवाचा भास अवलंबून असतो. दिवाळीच्या किल्ल्यांवर याऐवजी हिरवा रंगविलेला लाकडाचा भुसा किंवा रांगोळी पसरतात. भुसा बारीक असल्याने माथ्याला तो जिवंत रोपांपेक्षा अधिक प्रमाणबद्ध दिसतो. म्हणून माथ्यावर भुसा, टप्प्यांवर नाचणी व घेऱ्यात अळीव अशी मिश्र योजना सोयीची ठरते.

दिवाळीनंतर : बियांतील अन्नसाठा संपल्यावर व उथळ मातीमुळे अळीव, मोहरी इत्यादींची रोपे पेरणीनंतर सु. दोन आठवड्यांत पिवळी पडू लागतात. किल्ला मोडताना हिरवळ असलेल्या भागातील माती मुळांच्या जाळ्यामुळे ढेकळांच्या रूपाने निघते, तर उघडा भाग भुगा होऊन कोसळतो. वनस्पतींची मुळे उतारावरील माती कशी धरून ठेवतात, हे त्यावरून समजते. तीच मुळे दगडी तटाच्या सांध्यांत शिरल्यास चुना फोडून चिरे ढिले करतात. पडझड झालेल्या अनेक किल्ल्यांच्या भिंतींत वाढलेले वड, पिंपळ व उंबर याची साक्ष देतात. तटावरील झाडे वरचेवर काढण्याविषयीच्या आज्ञापत्रातील दंडकाला तटाच्या जपणुकीच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी अशा बारा मराठाकालीन दुर्गांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला असून अशा वास्तूंच्या जतनातही तटांवरील वाढ काढणे व उतारांवरील झाडी राखणे ही दोन्ही कामे आवश्यक ठरतात.