जुन्या स्पोर्ट्स कारचे कूलंट आणि बोअरचे पाणी

धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की गॅरेजवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते. गाडी गरम होते. तुळजापूरच्या घाटात बॉनेट उघडून, वाफ निवण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. अशा वेळी जवळच्या शेतातून बोअरचे पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतले जाते, गाडी चालू होते आणि काम भागते. पण हे भागलेले काम पुढे फार महागात पडते, विशेषतः गाडी जुनी आणि तिचे सुटे भाग दुर्मीळ असतील तेव्हा.

पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या जिल्ह्यातून नळदुर्ग, उमरगा असा जातो. त्यावरून जाणारी एखादी जुनी स्पोर्ट्स कार आपल्या कारागिराच्या दारात थांबली तर काय करावे आणि काय करू नये, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आपल्या देशातलेच उदाहरण घ्यावयाचे तर १९९८ साली बाजारात आलेल्या ‘सॅन स्टॉर्म’चे घेता येईल. दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची ही उघडी गाडी. तिला रेनॉ कंपनीचे ११४९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले. अशा गाडीचे हेड वाकले किंवा वॉटर पंप गेला तर तो बाजारात सहज मिळत नाही. म्हणून तिच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा काळजीला मोल अधिक आहे.

पाणी का चालत नाही?

इंजिनमध्ये जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या द्रवावाटे बाहेर काढावी लागते. हे काम साधे पाणी उत्तम करते, किंबहुना उष्णता वाहून नेण्यात ते कूलंटपेक्षा सरसच आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या आतील पोकळीत बसतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. दुसरे असे की पुष्कळ जुन्या इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. दोन भिन्न धातू आणि मध्ये क्षाराचे पाणी अशी जोडी जमली की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते.

कूलंटमध्ये मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायने असतात. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून ते वापरतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. आपल्याला ते गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी हवे. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब साधारण १ बार असेल, तर तेच मिश्रण १२५ अंशांच्याही वर टिकते. म्हणजे झाकणाचे रबर गेले तर उत्तम कूलंटही उकळणार. झाकण ही किरकोळ वस्तू समजू नये.

तपासणी कशी करावी?

पहिला नियम असा की गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील द्रव उसळून तोंड-हात भाजतात. इंजिन पूर्ण निवल्यावर बाजूच्या टाकीतील पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. मग थोडा द्रव पांढऱ्या वाटीत घ्यावा. विटकरी रंग दिसला तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा मलईसारखा गाळ असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. अशा वेळी नुसते कूलंट बदलून उपयोग नाही. होज पाइप दाबून पाहावेत. फुगलेले, भेगाळलेले किंवा लिबलिबीत झालेले पाइप बदलावेत.

बदलताना घ्यावयाची काळजी

गाडी सपाट जागी व थंड असावी. हीटर असल्यास त्याचा खटका गरमच्या बाजूला ठेवावा, म्हणजे त्याच्या जाळीतला जुना द्रवही निघतो. खाली परात ठेवून रेडिएटरचा खालचा कॉक आणि ब्लॉकचा बोल्ट उघडावा. नंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवावे. शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरचे असावे. नवे मिश्रणही डिस्टिल्ड वॉटरमध्येच करावे. प्रमाण गाडीच्या पुस्तकाप्रमाणे घ्यावे. तयार मिश्रण विकत घेतले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये.

मिश्रण सावकाश ओतावे, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा. झाकण न लावता इंजिन चालू ठेवावे. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप गरम होतो, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. तेव्हा भर घालून झाकण लावावे. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे अशी रचना असलेल्या टोयोटा एमआर-२ सारख्या गाड्यांत नळ्या लांब असल्याने हवा अडकते. तिथे हवा काढण्याच्या सर्व जागा शोधल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी.

कूलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. डब्यावरचा प्रकार वाचावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी आणि नव्या पद्धतीचे पाच वर्षांपर्यंत बदलावे लागते.

दोन जुन्या सवयी

आपल्याकडे उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्तीही जुनीच. वाटेत अडकलेल्या माणसाला ती गावापर्यंत पोहोचवील, पण तीच हळद पुढे बारीक नळ्या तुंबवते. गावी आल्यावर रेडिएटर उतरवून साफ करणे हाच उपाय.

आणखी एक गोष्ट जबाबदारीची आहे. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीसाठी ओळखला जातो आणि गॅरेजच्या आसपास शेळ्या, कुत्री, लहान मुले वावरत असतात. उघडी परात ठेवून चहाला जाऊ नये. जुना द्रव नालीत, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये; झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून वेगळा ठेवावा.

धंद्याच्या दृष्टीने पाहता या कामाचा खर्च काही शे रुपयांपासून सुरू होतो, तर हेडचे काम हजारोंच्या घरात जाते. ज्या कारागिराने कूलंटचा प्रकार, प्रमाण, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवली, त्याच्याकडे ग्राहक परत येतो. बिलावर या चार गोष्टी लिहायला पाच मिनिटे लागतात. हुन्नर हातात असतेच. त्याला लेखी हिशेबाची जोड दिली तर दूरच्या शहरातील गाडीवालाही आपल्या उस्तादाचे नाव लक्षात ठेवील.